दोन टोकांच्या मधोमध ताराबाई

किंमत नऊ आणे, प्रती ५००. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून बाहेर पडलं ते एवढ्यावरच. निमित्त सुरतेचं. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला १८८१ मध्ये अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांनी तिच्या आडून समस्त बायकांवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी सगळा हिशेब पुरुषांपुढे उलटा मांडला.

५०० प्रती म्हणजे किती? १८८१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या २६ लाखांवर होती, म्हणजे बायका अंदाजे १३ लाख. सगळ्या प्रती वऱ्हाडातच राहिल्या असत्या, तरी २,६०० बायकांमागे एक. पण वीस वर्षांनंतरही, १९०१ मध्ये, देशात हजारातल्या सहाच बायका साक्षर होत्या. त्या हिशेबाने २,६०० जणींत वाचू शकणाऱ्या फार तर पंधरा-सोळा. एका प्रतीला पंधरा वाचक काही वाईट नाहीत. आजच्या कित्येक कवितासंग्रहांच्या नशिबी तेवढेही नसतात.

तेव्हा ५०० हे दुखणं नव्हे. दुखणं आहे ९३. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची पाठराखण केली, आणि मग पुस्तक जे विस्मरणात गेलं ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणेपर्यंत. पहिल्या छपाईपासून ९३ वर्षं! आजी, आई, लेक, नात: चार पिढ्यांच्या बायका आपल्याच बाजूचं हे पुस्तक न पाहता जगल्या.

आता याहून मोठी मोजपट्टी घेऊ. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालानुसार, सध्याच्या गतीने जगात स्त्री-पुरुष समानता यायला आणखी १२३ वर्षं लागतील. म्हणजे साल २१४८. याच बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाला, जिजाऊंचा जन्म झाला तो १५९८ चा. जिजाऊंच्या जन्मापासून ताराबाईंच्या पुस्तकापर्यंत २८४ वर्षं. पुस्तकापासून २१४८ पर्यंत २६६. पुस्तक आलं तेव्हा जेमतेम निम्मी वाट सरली होती.

असली भाकितं मी फारशी मनावर घेत नाही. त्यांत गती पुढचीच धरलेली असते, आणि बुलढाण्याचा अनुभव वेगळा आहे. २०११ मध्ये जिल्ह्यातल्या शंभरातल्या जवळपास ७६ स्त्रिया साक्षर होत्या. ताराबाईंना हे स्वप्नवत वाटलं असतं. पण सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे २००१ मध्ये ९०८ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८५५ झाल्या. दहा वर्षांत हजारी ५३ मुली घटल्या, आणि त्याही वाचता येणाऱ्या आया वाढत असताना.

पुढची जनगणना २०२७ मध्ये होऊ घातली आहे. तिचे आकडे येतील तेव्हा बुलढाणेकरांनी साक्षरतेच्या आधी हा रकाना उघडून पाहावा.