आधार क्रमांक आणि रुग्णाची गोपनीयता

गतवर्षी आपल्या देयक विभागात घडलेला एक प्रसंग येथे नमूद करणे भाग आहे. एका रुग्णाच्या मुलास औषधांचा हिशेब वापरलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर लिहून देण्यात आला. घरी गेल्यावर त्यांनी कागद उलटून पाहिला, तर मागे दुसऱ्याच रुग्णाच्या आधार कार्डाची छायाप्रत होती. नाव, पत्ता, जन्मतारीख व बारा अंकी क्रमांकासह. कागद वाचविण्याची आमची काटकसर अशी अंगाशी आली. त्या गृहस्थांनी तो कागद स्वतः आणून दिला, याबद्दल रुग्णालय त्यांचे ऋणी आहे.

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देण्यात आला. बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा व छायाचित्र यांवर ही ओळख आधारलेली आहे. शासकीय योजनेतील रुग्णाची ओळख पटविणे तिच्यामुळे सुलभ झाले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु बँकेचा परवलीचा शब्द फुटल्यास बदलता येतो, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. शिवाय आयुष्यभर काबाडकष्ट केलेल्या हातांचे झिजलेले ठसे यंत्र पुष्कळदा ओळखतही नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधार कायदा बहुतांशी वैध ठरला. मात्र बँक खाते व भ्रमणध्वनी यांसाठीची सक्ती रद्द झाली. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला.

रुग्णालयाची जबाबदारी याहून नाजूक आहे. आमच्याकडे हा क्रमांक केसपेपरला जोडला जातो. क्षयरोग, मनोविकार वा एच.आय.व्ही. यांची नोंद ज्या कागदावर आहे, त्यालाच पत्ता व क्रमांक टाचलेला असेल, तर एक कागद बाहेर गेल्याने एखाद्या मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते.

यास्तव सर्वसाधारण रुग्णाचे ओळखपत्र आता केवळ पाहून परत केले जाते. प्रत आवश्यकच असेल आणि योजनेचे नियम परवानगी देत असतील, तर शेवटचे चारच अंक दिसणारी आधार प्रत स्वीकारली जाते. निर्धन रुग्णांसाठी राखीव दहा टक्के खाटांची कागदपत्रे तपासणीकरिता ठेवावीच लागतात. ती कुलूपबंद असतात. तातडीच्या रुग्णास ओळखपत्राविना दाखल करून घेतले जाते. पूर्वीही घेतले जात होतेच.

काही देणगीदारांनी पॅन क्रमांक कशासाठी, अशी पृच्छा केली आहे. करसवलतीसाठी २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून प्रत्येक देणगीदाराच्या ओळख क्रमांकासह विवरणपत्र आयकर खात्यास सादर करावे लागते. त्या कामापुरताच त्याचा उपयोग होतो.

जुन्या छायाप्रती छाननी करून नष्ट करण्याचे काम सुरू आहे. अद्याप दोन कपाटे शिल्लक आहेत.