घरी बांधलेल्या विमानाचे अंतरंग

विमानाच्या बाह्यांगावर कोणत्या रंगाचे पट्टे असावेत याची चर्चा हौशी विमानबांधणी करणारी मंडळी वर्षानुवर्षे रंगवीत असतात. परंतु जिथे प्रत्यक्ष बसायचे, जिथून आकाश न्याहाळायचे आणि जिथे उपकरणांवर नजर ठेवायची, त्या कॉकपिटच्या आतील रंगाचा, आणि त्याहूनही अधिक त्या रंगाच्या तकाकीचा, विचार बहुधा घाईने उरकला जातो. हे मला फार गैर वाटते. आतला रंग सजावटीच्या सदरात घालण्याजोगा नाही. बाहेरचे किती स्पष्ट दिसेल, हे काही अंशी त्याच्यावरच ठरते.

या छंदाचे माहेर अमेरिका. पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 साली मिलवॉकी येथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली, आणि 1970 पासून विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथे तिचा वार्षिक मेळा भरत आला आहे. विमानाच्या बांधणीचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने स्वतःच्या शिक्षणासाठी वा मनोरंजनासाठी केलेला असेल, तर तेथील कायदा त्या विमानाला प्रायोगिक वर्गात दाखला देतो, आणि कारखान्यातील विमानांना लागू असणारे पुष्कळसे निर्बंध सैल होऊन आतल्या रंगाची मुखत्यारी बांधणाऱ्याच्या हाती येते. आपल्याकडे मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव यांनी ही जिद्द कोणत्या थराला जाऊ शकते ते दाखवून दिले आहे. परंतु लेखासाठी नमुना घ्यावयाचा तो मी ऑरेगनमधील व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही-7 चा घेतो. कारण शेजारी-शेजारी दोघे बसण्याचे, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, जेमतेम एक मीटरभर रुंदीचे आणि वर ॲक्रिलिकचा पारदर्शक घुमट असलेले हे विमान घरच्या गॅरेजात फार मोठ्या संख्येने बांधले गेले आहे.

लष्करी विमानांनी आतल्या रंगाच्या बाबतीत प्रत्येक देशाची वेगळी परंपरा निर्माण केली. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन विमानांचा हिरवा, ब्रिटिशांचा राखट हिरवा, पुढे मिग-21 मधला निळसर हिरवा हे रंग जुन्या विमानांच्या चाहत्यांना तोंडपाठ असतात. अमेरिकन हिरव्याचे मूळ गंज रोखणाऱ्या पिवळट झिंक क्रोमेटमध्ये होते. क्रोमेट कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाल्यापासून शहाण्या माणसांनी दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सी प्राइमरचा आश्रय घेतला आहे.

आता मुख्य मुद्दा. उपकरण-फलकाच्या माथ्यावर जो आडवा पत्रा असतो, ज्याला वैमानिक ग्लेअरशील्ड म्हणतात, तो समोरच्या तिरप्या काचेच्या अगदी खाली येतो. सूर्य वर असता त्या पत्र्यावर पडलेला प्रकाश काचेकडे जातो आणि तिथून परावर्तित होऊन थेट डोळ्यांत शिरतो. ॲक्रिलिकचा एकेक पृष्ठभाग सरळ आपाती प्रकाशाचा सुमारे 4 टक्के भाग परत फेकतो, आणि कोन जसजसा तिरपा होईल तसतसे हे प्रमाण वाढत जाते. म्हणजे पांढऱ्या माथ्याचे एक फिकट पटल वैमानिकाच्या आणि क्षितिजाच्या मध्ये कायमचे लोंबते, आणि धुरकट हवेत समोरून येणारे दुसरे विमान, जे आधीच ठिपक्याएवढे दिसायचे, ते त्या पटलात विरघळून जाते. केवळ तकाकी काढून येथे भागत नाही, कारण निस्तेज पांढरा रंगही प्रकाश चहूकडे उधळतोच. आणि केवळ काळेपणानेही भागत नाही, कारण तकतकीत काळा पत्रा सूर्याचे आरशासारखे प्रतिबिंब पाठवतो. गडद आणि निस्तेज, या दोन्ही अटी एकाच जागी पाळाव्या लागतात. काहीजण तर रंगाची उठाठेव न करता तिथे काळे मखमली कापडच चिकटवतात, आणि ते मला योग्य वाटते.

बाजूच्या भिंतींचा न्याय निराळा. तिथे बुटांच्या टाचा घासतात, पट्ट्यांची बक्कले आपटतात, घामेजलेले हात टेकतात. रंगातील तकाकी घालवण्यासाठी त्यात सिलिकाची बारीक पूड मिसळतात. तिने पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत होतो, म्हणून प्रकाश विखुरतो. पण तोच खडबडीतपणा मळ धरून ठेवतो, आणि घुमटाच्या कडेला जिथे बाही रोज घासते तिथे तो झिजून नेमका नको तो चकचकीत पट्टा उमटतो. यास्तव भिंतींना मध्यम तकाकीचा सॅटिन पॉलियुरेथेन, किंवा बारीक ठिपक्यांचा झोलाटोनसारखा रंग द्यावा, हे माझे मत आहे. ठिपक्यांत ओरखडा लपतो. रंगाची छटा फिकट राखाडी असावी; काचेच्या घुमटाखाली उन्हात उभे असलेले विमान भट्टीसारखे तापते, आणि गडद भिंती त्यात भर घालतात.

हा निर्णय बांधणी संपेपर्यंत लांबणीवर टाकता येत नाही, याचे कारण कामाच्या क्रमात आहे. आसनांमागचा वरचा पत्रा रिव्हेटने एकदा बंद झाला की पुढे आत ओणवे होऊन, मान वाकडी करून रंगकाम करावे लागते. म्हणून सुटे भाग आधीच तयार करतात. पत्रा स्कॉच-ब्राइटच्या तांबूस चिंधीने घासतात, पुसतात आणि मग त्यावर पाणी सोडून पाहतात: पाण्याचा पापुद्रा सलग राहिला तर पत्रा स्वच्छ, आणि तो तुटून थेंब गोळा झाले तर कुठेतरी बोटाचे तेल राहिले आहे, असा निर्वाळा मिळतो. मग प्राइमर, मग रंग. रंगानंतर ठोकलेल्या रिव्हेटचे चपटे टोक मात्र उघड्या धातूचेच राहते, तेव्हा नंतर कुंचल्याने डाग भरता येतील असाच रंग निवडावा. धातूची चमक असलेल्या रंगात भरलेला डाग जन्मभर वेगळा दिसतो. भट्टीत भाजून बसवायची पावडर-कोटिंग पोलादी पेडलांना शोभते. पण तिला लागणाऱ्या सुमारे 200 अंश उष्णतेने संस्कारित ॲल्युमिनियमचे बळ घटण्याचा धोका असल्यामुळे पत्र्याच्या बाबतीत ती टाळलेली बरी.

पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, आणि ते श्वासात गेल्यास दम्याची कायमची व्याधी जडू शकते. बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मुखवट्याची सोय नसेल तर फवारणीचे काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे. या एका बाबतीत स्वावलंबनाचा हट्ट मी मान्य करणार नाही.

निवड करण्यापूर्वी तळहाताएवढ्या पत्र्यांचे नमुने रंगवून ते ॲक्रिलिकच्या तुकड्याखाली भर दुपारी आणि दिवेलागणीला ठेवून पाहावेत, बुटाने घासावेत, पेट्रोलच्या बोळ्याने पुसावेत. ज्या नमुन्यावर निकाल लागेल त्याचा उत्पादक, क्रमांक, मिश्रणाचे प्रमाण आणि थरांची संख्या विमानाच्या रोजकीर्दीत लिहून ठेवावी. पाचेक वर्षांनी फलकात नवे उपकरण बसवायची वेळ येईल, तेव्हा कापलेल्या कडेला लावायला तोच रंग पुन्हा कालवावा लागतो.