वातरक्त, डाळ आणि अठ्ठाई

अठ्ठाईचा पाचवा-सहावा दिवस असतो. तपस्वी पहाटे जागा होतो तो पायाच्या अंगठ्यातील आगीने. सांधा लाल, सुजलेला, उष्ण. चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. घरची मंडळी चकित होतात. ज्याने जन्मात मांसाला हात लावला नाही, मद्याचा थेंब घेतला नाही, त्याला हा श्रीमंतांचा रोग कसा?

आयुर्वेदात या व्याधीला वातरक्त म्हणतात. चरकसंहितेत तिचे ‘आढ्यवात’ असेही एक नाव आहे. आढ्य म्हणजे धनवान. सुकुमार प्रकृतीचा, मिष्टान्नाचा भोक्ता आणि चालण्याचा कंटाळा असलेला मनुष्य त्या ग्रंथकारांच्या डोळ्यांपुढे होता. दिवसभर पेढीच्या गादीवर बसणाऱ्यांना हे वर्णन परके वाटू नये.

आधुनिक वैद्यक यालाच गाऊट म्हणते. रक्तातील यूरिक ॲसिड दर डेसिलिटरला सुमारे 6.8 मिलिग्रॅमच्या वर राहू लागले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू शकतात. हे आम्ल बव्हंशी शरीर स्वतःच तयार करते. आहाराचा वाटा त्यामानाने थोडा. ते बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडांचे. दीर्घ उपवासात शरीर चरबी जाळते, त्यातून कीटोन द्रव्ये निर्माण होतात आणि ती उत्सर्जित करताना मूत्रपिंडे यूरिक ॲसिड मागे ठेवतात. त्यात पाणी कमी पडले की भर पडते. म्हणून पूर्वी एकदा तरी हा झटका आलेल्याने चौविहार उपवासांची लांब माळ धरण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे अगत्याचे आहे. तिविहारात सूर्यास्तापूर्वी उकाळलेले पाणी भरपूर घेता येते. एकासणे, आयंबिल हेही तपच आहे. पच्चक्खाणात आजारपणातील समाधीसाठी आगार सांगितलेला आहे. चालू औषध परस्पर थांबवण्याऐवजी त्याविषयी गुरुमहाराजांना विचारावे.

दुसरा गैरसमज डाळीचा. गुडघा दुखला, तपासणीत यूरिक ॲसिड किंचित वाढलेले आढळले की घरातून तूर, मूग, मटकी हद्दपार होतात. शाकाहारी घरात प्रथिनांचा मोठा आधारच मग नाहीसा होतो. वस्तुतः उतारवयातील गुडघेदुखी बहुधा सांध्याच्या झिजेची असते. तिला मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन घटवणे यांनी उतार पडतो, डाळ सोडल्याने नव्हे. अमेरिकेत सुमारे 47,000 पुरुषांवर 12 वर्षे केलेले निरीक्षण 2004 साली प्रसिद्ध झाले. मांस आणि मासे यांनी गाऊटचा धोका वाढला, प्युरिनयुक्त भाज्यांनी वाढला नाही, आणि दुधाच्या पदार्थांनी उलट घटला. साखरेच्या शीतपेयांचा दोष मात्र पुढे 2008 मध्ये त्याच निरीक्षणातून दिसून आला. तेव्हा बंद करायचीच असेल तर दुकानात येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाबरोबर उघडली जाणारी थंड पेयाची बाटली बंद करावी.

झटका आला असता कोल्चिसिन, वेदनाशामक किंवा स्टेरॉइड यांपैकी काय द्यावे हे मूत्रपिंडांची स्थिती पाहून ठरते. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाणाऱ्यांनी ही मूत्रपिंडे गमावल्याची उदाहरणे थोडी नाहीत. कोल्चिसिनची कथा रंजक आहे. ते कोल्चिकम या वनस्पतीतून मिळते, आणि काश्मीरकडे उगवणारे, युनानी हकिमांच्या सांधेदुखीच्या औषधांतील सुरंजान हे त्याच कुळातले. ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ औषध यांतील भिंत पुष्कळदा अशी पातळ असते.

झटका शमला म्हणजे रोग गेला असे नव्हे. वारंवार झटके येणाऱ्यास यूरिक ॲसिड 6 च्या खाली ठेवणारे औषध, बहुधा ॲलोप्युरिनॉल, दीर्घकाळ घ्यावे लागते. 1960 च्या दशकापासून ते वापरात आहे. त्यामागील संशोधक गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 चे नोबेल मिळाले. अडचण अशी की आरंभीच्या महिन्यांत साठलेले स्फटिक विरघळू लागतात आणि झटके उलट वाढू शकतात. ‘गोळीनेच दुखणे वाढवले’ म्हणून रोगी ती टाकून देतो. खरे तर तेव्हाच टिकून राहायचे असते. अंगावर पुरळ उठले मात्र गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे.

गुळवेल आणि कैशोर गुग्गुळ यांची परंपरा मोठी आहे. तरीही 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही. वाद चालू असताना नोंदणीकृत वैद्याच्या देखरेखीखाली औषध घेणे आणि यकृताची तपासणी करणे यात हानी काहीच नाही. भय आहे ते बिननावाच्या पुड्यांचे. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. ते एकाएकी बंद केले तरी जिवावर बेतू शकते.

शेवटची गोष्ट विशेषतः जैन घरांसाठी. सांध्यांकरिता विकले जाणारे ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून, कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून आणि कोलॅजन मासे वा गुरे यांच्यापासून काढतात. त्यातच 2019 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी गुडघ्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइन देऊ नये असेच सांगितले आहे. परदेशातून मुलगा प्रेमाने पाठवतो तो डबा फोडण्यापूर्वी त्यावरील घटकांची यादी वाचावी, आणि कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे आहे की वनस्पतिजन्य, हेही पाहावे.