सात वाजताचा भोंगा

‘पोराच्या हातातला मोबाईल सुटत नाही’ ही तक्रार आमच्या दिवाळे गावात गटाच्या प्रत्येक बैठकीत निघतेच. म्हावऱ्याची पाटी घेऊन बाजारात बसायचं, तर लहानग्याला गप्प ठेवायला मोबाईल आयताच असतो. कोरोनात तर शाळाच मोबाईलवर आली. मग तो हिसकावून घ्यायचा तरी कसा?

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथेही हेच झालं होतं. शाळा पुन्हा उघडल्या, पण मुलांचं लिहिण्यावाचण्यात लक्ष लागेना. घरी आली की मोबाईल, नाहीतर टीव्ही. सरपंच विजय मोहिते यांनी सुचवलं, रोज दीड तास सगळं बंद ठेवू. पुरुष आधी हसले. मग ऑगस्ट 2022 मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, बायकांची सभा घेतली. आपणही मालिका जास्तच बघतो, हे बायकांनी कबूल केलं आणि निर्णय झाला. देवळावर भोंगा बसला. सात वाजता वाजला की टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठपर्यंत अभ्यास, वाचन, गप्पा. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावत होते.

आम्हाला यात भोंग्यापेक्षा वेळ महत्त्वाची वाटते. सात ते साडेआठ म्हणजे ऐन मालिकांची वेळ! तीच सोडली म्हणून मुलांना पटलं. आई मालिका बघतेय आणि पोराला सांगतेय ‘पुस्तक घे’, असं कुठे चालतं का? शिवाय बंदी सगळ्या आळीला सारखी, त्यामुळे ‘शेजारच्याला मिळतो, मलाच नाही’ हे रडगाणंही उरत नाही.

आपल्याकडे भोंगा नाही, पण एका आळीतल्या दहा घरांनी ठरवलं तरी पुरे. वेळ आपापल्या कामाप्रमाणे धरा. आमच्याकडे भरती-ओहोटीवर दिवस चालतो, तुमच्याकडे धारा काढायची वेळ असेल. अर्ध्या तासापासून सुरू करा. घरचा माणूस होडीवर असेल तर फोन बंद करू नका; आवाज मोठा करून फळीवर ठेवा, वाजला तर घ्या. अभ्यास मोबाईलवरच आला असेल, तर तेवढा आधी उरकून घ्या.

तान्ह्यांचं मात्र वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय, 2 वर्षांच्या आतल्या बाळाला मोबाईल-टीव्ही नकोच; 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर 1 तास, आणि त्याहून कमी तर उत्तम. म्हणजे घास भरवताना मोबाईल पुढे धरायची सवय आधी सोडायची. दोन-चार दिवस पोर रडेल, कमी जेवेल. तेव्हा आजीलाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिचा जीव कळवळतो आणि पदराआडून मोबाईल बाहेर येतो.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढंच विचारा: आपल्या आळीत कोणती वेळ जमेल?