भावनावाचक इंग्रजी शब्दांचे अध्ययन : मान, भीड आणि आत्ममूल्य

परभाषेतील वस्तुवाचक शब्द आणि भावनावाचक शब्द एकाच रीतीने शिकता येतात, असा समज आपल्या अध्यापनात रूढ आहे. या समजाची मर्यादा दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

उदाहरणादाखल इंदापूर तालुक्यातील कळंब हे गाव घेऊ. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात वालचंद हिराचंद यांनी या परिसरात साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर ही वसाहत वसली. अशा ठिकाणी बॉयलर, फिटर, ओव्हरटाइम हे शब्द शिकण्यास कोश उघडावा लागत नाही. वस्तू किंवा व्यवहार डोळ्यांसमोर असतो व त्याला नाव जोडले जाते. परंतु याच परिसरातील विद्यार्थी जेव्हा सेल्फ-एस्टीम, सेल्फ-वर्थ, पीपल-प्लीझर असे शब्द शिकू लागतो, तेव्हा बोट दाखवावे असे काहीच समोर नसते. मग तो शब्दासमोर शब्द ठेवतो : सेल्फ-एस्टीम म्हणजे स्वाभिमान, पीपल-प्लीझर म्हणजे खुशामतखोर. येथेच घोटाळ्यास प्रारंभ होतो.

एका शब्दापुढे दुसरा शब्द मांडण्याची ही सवय जुनी आहे. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. सेल्फ-एस्टीम या संज्ञेची मानसशास्त्रीय मांडणी विल्यम जेम्स यांनी केली ती मात्र १८९० साली. माणसाचे यश भागिले त्याच्या आकांक्षा, असे सूत्र त्यांनी दिले. आकांक्षा कमी केल्या तरी भागाकार वाढतो, हे त्यातील मर्म. पुढे १९६५ साली मॉरिस रोझेनबर्ग यांनी दहा विधानांची मापनश्रेणी तयार केली. या दोन्ही मांडण्यांत मूल्यमापन करणारा स्वतः तो मनुष्यच असतो. एस्टीम हा शब्दही ‘किंमत ठरवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे.

मराठीतील ‘मान’ याहून निराळा आहे. मान दिला जातो, मिळतो, राखला जातो, जातो. लग्नकार्यातील मानपान आणि त्यावरून होणारे रुसवे यांचा अर्थच असा की, माझी किंमत काय हे चारचौघांनी कृतीने दाखवावे. स्वाभिमान हा शब्द अंतर्मुख आहे खरा. पण तोही बहुधा अपमानाच्या प्रसंगी जागा होतो. कोणी पाहत नसताना, कोणी दुखावलेले नसताना स्वतःविषयी शांतपणे वाटणारा आदर त्यात पुरतेपणी सामावत नाही. ‘आत्ममूल्य’ ही संज्ञा योजावी लागली ती यामुळेच.

व्याकरणाचा भेद याहून खोल आहे. मराठीत राग येतो, लाज वाटते. अनुभव घेणारा चतुर्थीत असतो आणि भावना त्याच्याकडे येते. इंग्रजीत तोच कर्ता होतो : ‘आय ॲम अँग्री’. परीक्षेतील अपयश आपण ‘मी नापास झालो’ असे सांगतो. ती एक घटना असते. इंग्रजीत ‘आय फेल्ड’ असेही म्हणता येते आणि ‘आय ॲम अ फेल्युअर’ असेही. दुसऱ्या वाक्यात घटनेचा माणूस झाला. नव्याने भाषा शिकणाऱ्यास ही दोन वाक्ये समानार्थी भासतात. पण दुसरे वाक्य सवयीने उच्चारू लागला तर तो स्वतःवर एक निकाल लादून बसतो.

उलट, मराठीचे ‘वाटणे’ही निर्दोष नाही. ‘मला वाईट वाटते’ ही भावना. ‘माझा काही उपयोग नाही असे मला वाटते’ हे मत. क्रियापद एकच. इंग्रजीतील ‘आय फील वर्थलेस’ या वाक्यातही असेच मत भावनेचा वेष घेऊन येते. दुःख खरे की खोटे हा प्रश्न उद्भवत नाही. मत मात्र तपासता येते. तेव्हा वाक्य कोणत्याही भाषेतील असो, त्यातील भावना कोणती व निर्णय कोणता हे वेगळे करणे, हाच शब्दार्थ शिकण्याचा गाभा ठरतो.

आता पीपल-प्लीझर या शब्दाकडे वळू. दुसऱ्याच्या मनाप्रमाणे वागण्यासाठी मराठीत शब्दांची उतरंडच आहे. मन राखणे हे स्नेहापोटी. भीड ही आदर आणि संकोच यांच्यापोटी. मर्जी सांभाळणे हे सत्तेपुढे. खुशामत ही स्वार्थासाठी. आणि लाचारी म्हणजे स्वत्व गमावणे. ‘नाही म्हणवत नाही’ या प्रयोगात तर नकाराची असमर्थता क्रियापदाच्या रूपातच उतरली आहे. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण या वृत्तीची किंमतही सांगते. इंग्रजी शब्द या उतरंडीतील एखाद्या पायरीवर नेमका बसत नाही. त्याचा रोख हेतूवर नसून सर्वांची पसंती मिळालीच पाहिजे या भयग्रस्त गरजेवर आहे.

समजा, नीरा डाव्या कालव्यावरील एखाद्या शेतकऱ्याने आपली पाण्याची पाळी शेजाऱ्याला दिली. शहरात शिकणाऱ्या त्याच्या मुलीने नवा शब्द ऐकला असल्याने ती वडिलांना पीपल-प्लीझर ठरवून मोकळी होईल. हे वर्णन यथार्थ आहे काय? वडिलांना नकार देणे शक्य होते काय, नकार दिला असता तर त्यांना स्वतःविषयी हीनता वाटली असती काय, आणि पुढे कधी शेजारीही पाळी देईल असा परस्परविश्वास तेथे आहे काय, हे प्रश्न विचारल्याखेरीज उत्तर देता येणार नाही. कदाचित ती केवळ शेजारधर्माची रीत असेल. कदाचित उभा ऊस वाळत असताही त्यांना नाही म्हणवले नसेल. तसे असल्यास नव्या शब्दाने घरात आजवर अबोल राहिलेले एक दुःख उजेडात आणले, असे म्हणावे लागेल.

या संदर्भात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विचार उपयुक्त आहे. प्रत्येकाने आपल्याला पसंत केलेच पाहिजे, या आग्रहाची गणना त्यांनी प्रमुख अविवेकी समजुतींत केली. शिवाय संपूर्ण व्यक्तीला गुण देण्याची पद्धतच त्यांनी नाकारली : कृतींचे मूल्यमापन करावे, स्वतःचा मात्र विनाअट स्वीकार करावा. मुंबईचे डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि ही विचारसरणी भारतात रुजवली. या दृष्टीने पाहता पीपल-प्लीझर हे नामही माणसावर मारलेला शिक्काच ठरते. ‘या प्रसंगी मला नकार देता आला नाही’ हे वाक्य अधिक अचूक आहे आणि सुधारणेस वावही ठेवते.

यावरून अध्यापनासाठी तीन सूचना करता येतील. असा शब्द यादीतून न शिकवता प्रसंगातून शिकवावा. त्याच्या जवळचे सर्व मराठी शब्द मांडून तो कोणत्या ठिकाणी त्यांच्याशी जुळत नाही हे विद्यार्थ्याकडूनच काढून घ्यावे. आणि माणसाला नाव देणारे वाक्य घटना सांगणाऱ्या वाक्यात बदलण्याचा सराव नियमितपणे द्यावा.

बॉयलर या शब्दाचा अर्थ चुकला तर तो दुसऱ्या दिवशी सुधारता येतो. आत्ममूल्याच्या शब्दाचा अर्थ चुकला तर विद्यार्थी स्वतःला आणि आपल्या माणसांना त्याच चुकीच्या मापाने मोजत राहतो. म्हणून या शब्दांचे अध्यापन केवळ शब्दसंग्रहाची वाढ मानून चालणार नाही.