युनियनचा शिक्का बसला म्हणून मुदत थांबत नाही

भोपाळच्या इंद्रपुरीत संध्याकाळी कोणाकडे चहाला बसलं की कागदांची पिशवी निघतेच. परवा शेजारच्या काकांच्या भाच्याने काढली. एका कारखान्याने त्याला यंदा कामावरून काढलंय. पिशवीत युनियनला दिलेला अर्ज, त्यावर जांभळा शिक्का आणि आवक क्रमांक. "अर्ज दिलाय ना काका, मग मुदतीचं टेन्शन कशाला? यूनियन देख रही है."

हे वाक्य ऐकलं की माझा चहा कडू होतो. युनियन म्हणजे कोर्ट नव्हे! तिच्या कार्यालयात कागद पडून राहिला, तरी कायद्यातले दिवस सरतच असतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू आहे. तिच्या कलम ४ नुसार, कामावरून काढलेल्याने समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या भोपाळी बोलीतल्या 'सुलह अधिकाऱ्या'कडे, अर्ज करायचा. ४५ दिवस उलटले की थेट न्यायाधिकरणात जाता येतं, पण काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत. जुन्या कायद्यात ही मुदत तीन वर्षं होती आणि लोक अजून तीनच मोजतात.

नोकरी शाबूत असून तक्रार वेगळी असेल, तर वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समितीकडे वर्षभरात अर्ज करायचा. निर्णय पटला नाही, तर साठ दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जायचं, तेही आपल्या युनियनमार्फत. खरी मेख इथे आहे. युनियन झोपली, तर साठ दिवस तुमचे जातात, तिचे नाही.

"मग युनियनवरच केस ठोकतो. अमेरिकेत सहा महिन्यांत करता येते म्हणे." अमेरिकेत येते. सभासदाची बाजू न्याय्यपणे मांडणं हे तिथे युनियनचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि सहा महिन्यांची मुदत तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८३ साली ठरवली. आपल्या संहितेत युनियनच्या अनुचित प्रथांची यादी आहे, त्यात घेराव आहे, मुद्दाम संथगतीने काम करणं आहे. फाइल दाबून बसणं नाही. राहिला दिवाणी दावा. वेगळी मुदत नेमलेली नसेल तिथे १९६३ च्या मुदत कायद्याची तीन वर्षं मिळतात. पण कामगार कायद्यानेच दिलेला हक्क दिवाणी कोर्टात मागता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स खटल्यात १९७५ सालीच सांगून ठेवलंय. तिथून नोकरी परत मिळणार नाही.

बाकीचे गैरसमज झटपट:

"युनियनशिवाय दाद मागता येत नाही." काढून टाकलेल्याला एकट्याने मागता येते, ही सोय १९६५ पासून आहे.

"कामगार खटल्यांना मुदतच नसते." जुन्या कायद्यात सरकार वाद 'कधीही' सोपवू शकत असे, त्यातून उरलेली ही समजूत. कामगाराच्या थेट अर्जाला मुदत आहे.

"पुण्याचा मामा म्हणतो, नव्वद दिवस." ते महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातल्या अनुचित प्रथांच्या तक्रारीसाठी, आणि सबळ कारण असेल तर तिथे उशीर माफही होतो. भोपाळात तो कायदा चालत नाही.

त्या रात्री भाच्याकडून समेट अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज लिहून घेतला. युनियनलाही एक प्रत ठेवली, खाली 'माहितीसाठी' असं लिहून.