ब्लॉकचेनवरचा फेरफार क्रमांक

वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्यात शेताची खरेदी झाली, वारसाची नोंद लागली किंवा बँकेचा बोजा चढला, की गाव नमुना सहामध्ये फेरफार पडतो आणि त्याला पुढचा क्रमांक मिळतो. नोंद मंजूर होवो की रद्द, क्रमांक खर्ची पडतोच. म्हणून जाणता माणूस सातबाऱ्यावर मालकाच्या नावाबरोबर फेरफार क्रमांकही पाहतो. ब्लॉकचेन या अनेक संगणकांवर ठेवलेल्या नोंदवहीतल्या एखाद्या पत्त्याची, म्हणजे खात्याची, व्यवहारसंख्या ही त्याच जातीची गोष्ट आहे. आभासी चलनाच्या जाहिराती आता खेडोपाडी मोबाइलवर पोचल्या आहेत, पण ही संख्या उघडून पाहण्याची सवय त्यांच्यासोबत आलेली नाही. ती लागायला हवी, आणि ती संख्या काय सांगत नाही हेही कळायला हवं.

इथेरियम हे अशा वहीचं एक जाळं ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालं. त्यावरचा पत्ता शून्य आणि एक्स यांनी सुरू होतो आणि पुढे ४० अंक-अक्षरं असतात. इथरस्कॅनसारख्या संकेतस्थळावर तो टाकला, की शिल्लक आणि व्यवहारांची यादी समोर येते. नाव नोंदवावं लागत नाही, अर्ज करावा लागत नाही. खुद्द जाळ्याला विचारलं तर ते त्या पत्त्यावरून बाहेर गेलेल्या व्यवहारांचा आकडा सांगतं. आलेले पैसे त्यात धरलेले नसतात. फसलेला व्यवहार मात्र वहीत चढला असेल तर धरलेला असतो. उत्तर षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीत येतं, म्हणजे ‘१ए’ आलं तर २६ समजायचे. मोजणी शून्यापासून असल्याने सव्विसाव्या व्यवहारावर २५ हा क्रमांक असतो आणि पुढच्याला २६ मिळतो. हा क्रमांक हवाच, कारण तो नसता तर एकदा सही केलेला व्यवहार कोणीही पुन्हा पुन्हा चालवला असता. क्रम मोडूनही चालत नाही: सातवा अडकला तर आठवा ताटकळतो.

ही वही स्वतः न उघडण्याची किंमत काय असू शकते, हे पुण्यातल्या गेनबिटकॉइन प्रकरणात दिसलं. अमित भारद्वाजच्या या बिटकॉइन गुंतवणूक योजनेत दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष होतं. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले आणि तपासाला मदत म्हणून बाहेरचे तांत्रिक तज्ज्ञ घेतले गेले. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्यांपैकीच दोघांना अटक केली. या दोघांनी मूळ आरोपींच्या खात्यांतलं चलन परस्पर वळवलं आणि शिल्लक कमी दिसावी म्हणून स्क्रीनशॉटमध्ये फेरफार केला, असा आरोप होता. आरोपाचा निवाडा न्यायालयाचा. पण स्क्रीनशॉट हे एक चित्र आहे आणि चित्र बदलता येतं, एवढं तर निर्विवाद. पत्ता हाती असेल, तर मूळ नोंद जगातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी वाचता येते. एका संकेतस्थळावर भरवसा नसेल तर दुसऱ्यावर ताडून पाहता येतं.

यावर आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. संख्या फुगवता येते: स्वतःच्याच दोन पत्त्यांमध्ये पैसे फिरवत राहिलं की झालं. एक माणूस हवे तितके पत्ते फुकट काढू शकतो, म्हणून हजार पत्ते म्हणजे हजार माणसं नव्हेत. इथेरियमवरचाच पत्ता पॉलिगॉन या दुसऱ्या जाळ्यावरही चालतो, पण दोन्हीकडची मोजणी वेगळी. बिटकॉइनमध्ये तर असा क्रमांकच नाही; तिथे संकेतस्थळं आलेले-गेलेले सगळे व्यवहार मिळून मोजतात. शिवाय संख्येवरून कामाचा आवाकाही कळत नाही. गडचिरोलीतल्या एटापल्ली इथे २०२२ मध्ये ६५,००० जातप्रमाणपत्रं पॉलिगॉनवर नोंदवण्याचा उपक्रम जाहीर झाला. अशा कामात हजारो दाखल्यांचा मिळून एकच ठसा एका व्यवहारात बसवता येतो. त्यामुळे व्यवहार थोडे दिसले म्हणून काम थोडं झालं, असं म्हणता येत नाही.

या आक्षेपांमुळे व्यवहारसंख्येचं मोल संपत नाही, तिची हद्द ठरते. पत्त्यामागच्या अमुक गुप्त किल्लीने (सही करण्याच्या सांकेतिक आकड्याने) अमुक इतक्या वेळा सही केली, एवढंच ती खात्रीने सांगते. किल्ली कोणाची, रक्कम किती, हेतू काय, हे दुसरीकडून शोधावं लागतं. पण तेवढ्यावरही व्यवहारी कसोटी लावता येते. ‘हे माझं खातं, पाहा किती उलाढाल आहे’ म्हणून कोणी आकडे दाखवले, तर चित्र बाजूला ठेवून पत्ता आणि जाळ्याचं नाव मागावं. पत्ता दुसऱ्याचाही असू शकतो. म्हणून आपण सांगू त्या पत्त्यावर, आपण सांगू तेवढी किरकोळ रक्कम समोर बसून पाठवायला लावावी. यादीत तो व्यवहार उमटला आणि संख्या एकने वाढली, तर किल्ली त्याला वापरता येते इतकं तरी सिद्ध झालं. योजना खरी आहे हे त्यातून ठरत नाही. पण ज्याला एवढंही जमत नाही, त्याच्या हाती कापूस-सोयाबीनचा पैसा देण्याचं कारण उरत नाही.